रोझलिनच्या नावाची करवत

मंगळवारी घरी जायच्या आधी लायल पेथेरिकने करवतीचं टेबल गुण्या लावून अगदी काटकोनात आणलं होतं, खालचा स्क्रू आवळला होता, आणि "आता हल बघू" असं तिला दटावूनही ठेवलं होतं. हे सगळं त्याला लख्ख आठवत होतं. आणि गुरुवारी सकाळी येऊन बघतो, तर टेबल तिरकं. जरासंच, पण तिरकं. गुण्या आणि पात्याच्या फटीतून उजेड दिसत होता.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पातं धरणाऱ्या वरच्या पकडीचा स्क्रू काळ्या डोक्याचा होता, तो आता पितळी झाला होता. लायलने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. स्क्रू पितळीच राहिला. आपणच बदलला असेल का हा? कधी? आणि आणला कुठून? त्याने खिसे चाचपले, जसा काही पितळी स्क्रूचा उगम खिशात सापडणार होता.

पोर्ट ट्रेगीची शेड म्हणजे गावातल्या निवृत्त पुरुषांचा अड्डा. घरी बायकांच्या पायात पायात येण्यापेक्षा इथे येऊन खुर्च्यांचे पाय दुरुस्त करायचे, बालवाडीसाठी लाकडी आगगाड्या करायच्या, आणि दहा वाजता स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीला, बसून चहा ढोसत जगाला शहाणपण शिकवायचं. खाणी बंद होऊन जमाना लोटला तरी गावात खाणकामगारांची कॉर्निश आडनावं उरली होती, मांस-बटाटा भरलेल्या त्यांच्या पेस्टी उरल्या होत्या आणि दर एक वर्षाआड भरणारा उत्सव उरला होता. त्या उत्सवातल्या दुकानासाठी लायल मुलांची कोडी कापत होता. प्लायवूडवर जुन्या खाणीच्या इंजिनघराचं चित्र, आणि त्याचे नागमोडी तुकडे.

त्यासाठीच ती करवत. स्क्रोल सॉ म्हणतात तिला. दोन लोखंडी हातांच्या मध्ये ताणलेलं दोऱ्याएवढं पातं वरखाली नाचतं, आणि आपण लाकूड त्याच्यापुढे वळवत न्यायचं. नाजूक काम. आणि खरं सांगायचं, तर ही करवत पहिल्यापासून भिकार होती. जिने तिची आखणी केली त्या असामीने आयुष्यात काडीसुद्धा कापली नसावी. वरची पकड अशी गुळगुळीत, की पातं ऐन वळणावर टणकन निसटायचं. ताण द्यायची दांडी आपोआप सैल व्हायची. भुसा उडवायची नळी इतकी तोकडी, की वारा भलतीकडेच जायचा आणि रेघ भुशाखाली गडप व्हायची. टेबलाचा कोन दाखवणारी पट्टी तर थेट खोटं बोलायची. आणि चालू झाली की सगळं यंत्र हुडहुडी भरल्यासारखं थडथडायचं.

पण हे बोलायचं कोणी? करवतीच्या कपाळावर पितळी पाटी होती: रोझलिन पेथेरिकच्या स्मरणार्थ.

रोझलिन ही लायलची बायको. तो धान्याच्या गोदामातून फिटर म्हणून निवृत्त झाला तेव्हा तिने ती करवत त्याला भेट दिली. दुकानातल्या सगळ्या करवतींत हीच का घेतलीस, असं विचारल्यावर म्हणाली होती, "हिचा हिरवा रंग आपल्या गॅरेजच्या दाराला शोभतो." आता यावर माणूस काय बोलणार? लायलला पहिल्याच दिवशी कळलं होतं की आपल्या गळ्यात काय पडलंय. पण तिने खिडकीतून "कशी आहे रे?" असं विचारलं की तो म्हणायचा, "झकास." आणि ती आत गेली की गुपचूप पकडीत कागदाची घडी घालायचा. ती वारल्यावर त्याला ती हिरवी करवत गॅरेजमध्ये बघवेना. म्हणून त्याने ती शेडला देऊन टाकली, आणि मग तिच्यावर काम करायला आठवड्यातून दोनदा शेडमध्ये येऊ लागला. माणसाचं मन हे असं असतं.

शेडचा एक नियम होता, भिंतीवर न लिहिलेला, पण लिहिलेल्या सगळ्यांपेक्षा कडक. दान आलेल्या वस्तूला देणाऱ्यासमोर नावं ठेवायची नाहीत. मागे एकदा कोणा विधवेने नवऱ्याचं लेथ दिलं होतं आणि कोणीतरी तिच्यादेखतच "भंगारात घाला" म्हणून बसला. ती बाई रडत रडत गाडी आणून ते लेथ परत घेऊन गेली. तेव्हापासून सगळे शहाणे झाले. वस्तू वाईट असली तर तोंडातून अक्षर काढायचं नाही, हळूच दुरुस्त करायची आणि साळसूद चेहऱ्याने हिंडायचं. लायलने स्वतः असे दोन पंखे आणि एक इस्त्री दुरुस्त केली होती. पण आपल्या करवतीलाही हा नियम लागू असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. कसं येईल? देणाऱ्याला त्यातलं काही कळू नये, यासाठीच तर नियम होता.

त्याने केल्विनला गाठलं. केल्विन शेडचा अध्यक्ष, जन्मभर शाळेत मुलांना मोजपट्टी धरायला शिकवलेला माणूस.

"केल्विन, या करवतीला कोणी हात लावला होता का?"

"हात? छे," केल्विन रंधा मारता मारता म्हणाला. "कशाला लावेल कोणी? छान चाललीय की."

"टेबल तिरकं झालंय. आणि हा स्क्रू बघ. हा पितळी कधी होता?"

केल्विनने स्क्रूकडे बघितलं, छताकडे बघितलं. "असेल पहिल्यापासून. आपलं लक्ष नसतं, गड्या."

मग वर्न. वर्न म्हणजे गव्हाच्या शेतात आयुष्य घालवलेला, तारेच्या तुकड्याने ट्रॅक्टरपासून दातांच्या कवळीपर्यंत काहीही जोडणारा. तो म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं? एवढुसं ते पातं. मी तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

शेवटी मॉरी. मॉरी गावचा जुना न्हावी, लायलचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने दोन्ही हात वर केले. "माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसरा त्याच्या वाटेवर आहे. मला ती करवत आहे की बकरी आहे हेही नीट दिसत नाही. मला काय विचारतोस?"

तिघांनीही कानांवर हात ठेवले. लायल परत आला आणि स्टुलावर बसून राहिला. म्हणजे कोणी हात लावलेला नाही, आणि तरी हे झालंय. याचा अर्थ एकच होत होता, आणि तो लायलला नको होता.

त्याचा थोरला भाऊ गॉर्डन. त्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी हातोडी फ्रिजमध्ये सापडली. मग तो म्हणायला लागला की रात्री कोणीतरी येऊन माझी हत्यारं हलवतं. घरचे हसले. गॉर्डनने कुलपं बदलली, दाराला साखळी लावली, शेजाऱ्यावर आळ घेतला. त्याची हत्यारं तो स्वतःच हलवत होता. शेवटी शेवटी त्याला नर्सिंग होममध्ये भेटायला गेलं की तो लायलला विचारायचा, "तुम्ही वीज मंडळाचे का?"

त्या रात्री मुलीचा फोन आला. केरिन ॲडलेडला असायची.

"डॅड, आमच्या जवळच्या वृद्धांच्या वसाहतीत एक घर रिकामं झालंय. छोटं आहे, पण बाग आहे. असं पुन्हा मिळायचं नाही."

"मला घर आहे, केरिन."

"मागच्या महिन्यात तू ओव्हनमध्ये पेस्टी ठेवून बोलिंगला निघून गेलास. शेजाऱ्यांनी धूर बघितला म्हणून वाचलं ते घर."

"माणूस विसरतो एखाद्या वेळी."

"अंकल गॉर्डनपण हेच म्हणायचा." मग ती जरा मऊ झाली. "मी जबरदस्ती करत नाही रे. दोन रविवार सोडून तिसऱ्या रविवारी घरांची दलाली करणारी बाई घेऊन येते, ती नुसतं बघून जाईल. तू तोवर विचार कर. तुला स्वतःला वाटलं की डोकं नीट चालतंय, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पण खरं सांग. मला नाही, स्वतःला."

"त्या रविवारी सांगतो," लायल म्हणाला.

आता बघा, दुसऱ्या कोणी "तू म्हातारा झालास" म्हटलं असतं तर लायलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. पण केरिनने निवाडा त्याच्याच हातात दिला, आणि तिथेच तो अडकला. ज्या घरात रोझलिनने लावलेलं लिंबाचं झाड होतं, ज्याच्या हिरव्या दाराआड त्याची सगळी हत्यारं होती, ते घर ठेवायचं की विकायचं, हे आता त्याच्या डोक्यावर अवलंबून होतं. आणि डोक्याचा साक्षीदार कोण? ती मेली करवत.

पुढच्या मंगळवारी तो शेडमध्ये आला तो थेट करवतीपाशीच. टेबल पुन्हा तिरकं होतं. शिवाय ताण देणाऱ्या दांडीच्या मागे एक वॉशर बसला होता. पत्र्याचा, हाताने कातरलेला, एका बाजूला बिअरच्या डब्याचा लाल रंग असलेला. लायलने तो काढून उजेडात धरला. काम चांगलं होतं. दांडी आता सैल होत नव्हती. म्हणजे ज्याने केला त्याला यंत्र कळत होतं. मीच केला असेल, त्याने मनाशी म्हटलं. मी फिटर आहे, मला हे सुचलं असेल. पण बिअर मी पीत नाही. मग डबा कुठून आणला?

त्याने वॉशर परत बसवला आणि इंजिनघराचं एक कोडं कापलं. सगळे तुकडे झाल्यावर लक्षात आलं की टेबल सरळ करायचं राहूनच गेलं होतं. तिरक्या टेबलावर कापलेल्या कोड्याची गंमत अशी, की तुकडे खालच्या बाजूने भसाभस बाहेर पडतात आणि वरून दाबले तर मुळीच बसत नाहीत. लायल कितीतरी वेळ ते धुराडं त्याच्या जागी बसवायचा प्रयत्न करत राहिला. दिसायला अगदी त्याच जागेचं, आणि काही केल्या जाईना. ते कोडं त्याने जळणाच्या लाकडात टाकलं.

गुरुवारी वॉशर गायब. स्क्रू पितळीच, टेबल तिरकं, वॉशर नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी वॉशर हजर, पण आता निळ्या रंगाच्या डब्याचा. आणि भुसा उडवायच्या नळीला एक पारदर्शक रबरी शेपूट फुटलं होतं, माशांच्या टाकीत असतं तसलं. वारा आता बरोबर रेघेवर येत होता. करवतीच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे होते आणि तिची ती हुडहुडी थांबली होती.

करवत सुधारत होती आणि लायल बिघडत होता. लोक वेडे होतात तेव्हा वस्तू हरवतात, हे त्याने ऐकलं होतं, गॉर्डनच्या बाबतीत बघितलं होतं. पण वेड लागल्यावर यंत्र दुरुस्त होतं, हे कुठलं वेड? त्याने करवतीच्या टेबलावर खडूची खूण करून बघितली, ती पुसलेली मिळाली. मीच पुसली असेल. त्याने मॉरीला पुन्हा एकदा, चेष्टेत विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, शेडमध्ये भूत आहे का?"

"असलं तर केल्विनने त्याच्याकडून वर्गणी घेतली असती," मॉरी म्हणाला आणि घाईघाईने चहाच्या किटलीकडे गेला. लायलला त्याचं ते घाईने जाणं दिसलं, पण त्यातून काही कळलं नाही. त्याला वाटलं, मॉरीला माझी कीव येतेय. सगळ्यांना कळलंय आणि कोणी तोंडावर बोलत नाही.

बुधवारी मॉरीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. लायलने त्याला पहाटे ॲडलेडच्या बसमध्ये बसवलं आणि संध्याकाळी जाऊन उतरवून घेतलं. डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि तोंड मात्र अखंड चालू. नर्सचे हात कसे गार होते, बिस्किटं कशी मऊ पडली होती, शेजारच्या पलंगावरचा माणूस कसा घोरत होता. लायल हसत गाडी चालवत होता. त्या संध्याकाळी त्याला स्वतःच्या डोक्याबद्दल एकदाही शंका आली नाही.

आणि मग तो गुरुवार उजाडला. रविवार समोर येऊन ठेपला होता. लायलने शेडमध्ये येऊन दिवा लावला, प्लायवूडचा तुकडा टेबलावर ठेवला, करवत चालू केली. लाकूड पात्याला टेकवलं आणि ते हातातून उसळलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उसळलं, टेबलावर आपटून कडाकडा वाजायला लागलं. त्याने यंत्र बंद केलं आणि बोट हळूच पात्यावरून खाली नेलं.

पातं उलटं होतं. दात वरच्या दिशेला.

लायल पेथेरिकने हयातीत पातं उलटं लावलं नव्हतं. शिकाऊ पोरालासुद्धा पहिल्या तासाला सांगतात, दात खाली. टेबल तिरकं होऊ शकतं, स्क्रूचं आपण विसरू शकतो, पण हे? हे म्हणजे बूट उलट्या पायात घालून दिवसभर हिंडण्यासारखं होतं. त्याने पातं काढून सरळ लावलं.  मग तो रोझलिनच्या पाटीकडे बघत उभा राहिला आणि त्याने ठरवून टाकलं. घर विकायचं. स्वतःला खरं सांग, असं केरिन म्हणाली होती. हे घ्या खरं.

स्मोकोला चौघे टेबलाभोवती बसले. वर्नच्या बायकोने खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक पाठवले होते. केल्विनने कप भरले. लायलने आपल्या चहात साखर घातली, ढवळली, आणि चमचा खाली ठेवला.

"मंडळी, एक सांगायचंय. मी ॲडलेडला जातोय. कायमचा. घर विकतो. करवत इथेच राहू दे."

"ॲडलेडला?" वर्नचा केक हातातच राहिला. "तिथे काय आहे?"

"केरिन आहे. आणि डॉक्टर आहेत."  हे बोलायला त्याला फार जड गेलं. "माझं डोकं ठिकाणावर नाही. गॉर्डनसारखं होतंय. मी करवतीला काय काय करून ठेवतो आणि मला त्याचा पत्ताच नसतो. टेबल तिरकं करतो. स्क्रू बदलतो. वॉशर कातरतो, घालतो, काढतो, पुन्हा दुसऱ्या रंगाचा घालतो. मला एकही गोष्ट आठवत नाही. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. मग उरलं कोण? मीच ना?"

 वर्न आपल्या केककडे बघत राहिला. मॉरीने एक उघडा डोळा केल्विनवर रोखला. केल्विनचा चेहरा उतरला होता.

"वॉशर माझा होता," वर्न म्हणाला.

"वर्न," केल्विनने दबक्या आवाजात टोकलं.

"नियम गेला खड्ड्यात. हा माणूस घर विकायला निघालाय." वर्न लायलकडे वळला. "लाल वॉशर मी केला. तो गायब झाला म्हणून निळा केला. ही करवत ज्यांनी घेतलीय त्या सगळ्यांनी इंटरनेटवर रडगाणं लिहून ठेवलंय, नातवाने दाखवलं मला. दांडीमागे वॉशर घाला म्हणतात."

"तो वॉशर होता?" केल्विन म्हणाला. "मला वाटलं कुठलातरी पत्रा उडून अडकलाय. मीच काढून टाकला."

"तू टाकलास?"

"मला काय माहीत? मी इंटरनेटवर वाचलेल्या पानावर वॉशरचं नव्हतं. माझ्या पानावर होतं, पकडीला आतून पॉलिश पेपर मारा आणि पितळी स्क्रू लावा. ते मी केलं. आणि टेबल दर वेळी शून्यावर आणून ठेवायचो. पट्टीवरचा काटा कधी म्हणून शून्यावर नसायचा."

"ती पट्टीच चुकीची आहे, केल्विन," लायल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "कारखान्यातून निघाली तेव्हापासून. म्हणून तर मी गुण्या लावायचो."

"म्हणजे मी दर वेळी सरळ टेबल तिरकं करून ठेवत होतो?"

"हो."

"जन्मभर पोरांना मोजायला शिकवलंस तू," मॉरी म्हणाला. "देव त्यांचं भलं करो. बरं, नळी माझी. आणि सायकलची ट्यूबही माझी. हाताने चाचपून करता येतं तेवढंच केलं. खडूची खूण पण मीच पुसली, मला वाटलं पक्ष्याने घाण केलीय."

"आणि तिघेही माझ्या तोंडावर खोटं बोललात."

"तुझ्या नाही," वर्न म्हणाला. "रोझलिनच्या पाटीसमोर उभं राहून ही करवत टाकाऊ आहे असं कसं बोलणार, सांग?"

लायलच्या छातीवरची धोंड हलली. इतके दिवस त्याच्या डोक्यात जी भुतं नाचत होती, ती समोर बसून केक खात होती. तो हसायला लागला. वर्न आणि केल्विन तिकडे भांडायला लागले, कोणी कोणाचं काम बिघडवलं म्हणून, एकेकाच्या पानावर काय लिहिलंय आणि कोणाचं पान खरं म्हणून. लायलने साखरेची बरणी जवळ ओढली, चहात साखर घातली, ढवळली. घर विकायचं नाही. रविवारी केरिनला सगळं सांगायचं, तीही हसेल. लिंबाच्या झाडाची छाटणी राहिली होती, ती करून टाकायची.

"पण एक सांगा," तो हसत हसतच म्हणाला. "आज ते पातं उलटं कोणी लावून ठेवलं? हात उसळून तुटला असता माझा."

भांडण थांबलं.

"उलटं?" वर्नने विचारलं. "मी नाही बाबा. पात्याला मी हात लावत नाही, माझ्या बोटांत मावत नाही ते."

"मीही नाही," केल्विन म्हणाला. "काल तर मी शेड उघडलीसुद्धा नाही, वीज बंद होती दिवसभर."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघंही खरं बोलत होते, हे बघणाऱ्याला कळत होतं. लायलचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं.

"मी लावलं," मॉरी म्हणाला. "काल. म्हटलं नवं पातं बसवून ठेवावं. दिसत नाही ना, लागलं उलटं. एवढं काय त्यात?"

लायलने त्याच्या डोळ्यावरच्या पांढऱ्या पट्टीकडे बघितलं. काल पहाटे आपण त्याला बसमध्ये बसवलं. काल संध्याकाळी बसमधून उतरवलं. गार हातांची नर्स, मऊ बिस्किटं, घोरणारा शेजारी. सगळं लख्ख आठवत होतं. मग त्याने मंगळवार आठवून बघितला. मंगळवारी निघताना जुनं पातं तुटलं होतं. नवं काढलं होतं, कागद फाडला होता. त्याच्या पुढे काहीच नव्हतं. त्याने कितीही ताण दिला तरी पुढे काही येईना.

"काल तू ॲडलेडला होतास, मॉरी," तो हळू म्हणाला.

 मॉरीने खाली बघितलं आणि टेबलावरचं खोबरं बोटाने गोळा करायला लागला. त्याच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं होतं, आणि ते ऑपरेशनचं नव्हतं.

 लायलच्या मनात एवढी उलथापालथ चालली होती, की आपल्याला भीती वाटतेय की राग येतोय हेच त्याला कळेना. वॉशर त्यांचा, स्क्रू त्यांचा, तिरकं टेबल त्यांचं. ओव्हन माझा. पातं माझं. मग मी वेडा आहे की नाही? थोडा आहे? थोडा म्हणजे किती, हे सांगणारी पट्टी कुठे मिळते?

"रोझलिनला मी कधी सांगितलं नाही," तो शेवटी म्हणाला. "की तिने आणलेली करवत भिकार आहे. ती आत गेली की पकडीत कागद कोंबायचो आणि तिला झकास म्हणायचो. तिला बरं वाटावं म्हणून. तुम्ही माझ्याशी तेच केलंत, आणि मी एवढे दिवस मरणाच्या भीतीत काढले." तो थांबला. "हे पुन्हा नको. करवतीला माझ्यासमोर नावं ठेवा. आणि मलाही ठेवा. मी काही चुकलो, विसरलो, उलटं केलं, तर गुपचूप सुलटं करू नका. तोंडावर सांगा. नाहीतर माझं कुठलं आणि तुमचं कुठलं, हे मला कळणार कसं?"

"ठीक आहे," केल्विन म्हणाला. 

"सांगशील, मॉरी?"

मॉरीने नाक पुसलं. मग त्याने लायलच्या कपाकडे बोट दाखवलं. 

"साखर तू मघाशीच घातली होतीस," तो म्हणाला. "आत्ता पुन्हा घातलीस."

लायलने कप उचलला आणि एक घोट घेतला. चहा पाकासारखा गोड झाला होता.

"रविवारी घरी ये," तो मॉरीला म्हणाला. "दलालीण येईल, तिला मी परत पाठवतो. घर आत्ताच विकायचं नाही. पण केरिनबरोबर डॉक्टरकडे जाईन. तू माझ्या शेजारी बस आणि तिला सगळं सांग. वॉशरचंही सांग, आणि साखरेचंही. दोन्ही सांग."

"सांगतो," मॉरी म्हणाला.

लायलने तो गोड चहा तसाच पिऊन टाकला आणि टेबल सरळ करायला गुण्या शोधायला उठला. तो त्याच्या वरच्या खिशातच होता. वर्नने ते त्याला सांगितलं.